बाल्कनीतली सायकल

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मावशीचा परवा फोन आला, "अरे तुझं ते ब्लॉगचं बंद केलंस का?" बंद नाही केलं मावशी, गेले तीन रविवार एक सायकल उघडून बसलो होतो. त्याचंच लिहितोय. मजकूर थोडा तेलकट आहे, सांभाळून घ्या.

सायकल माझी नाही, माझ्या मित्राची. त्याचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. २००६ साली तो कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत होता. परत येताना लोक चॉकलेटं आणि परफ्यूम आणतात, हा खोक्यात बांधून माउंटन बाइक घेऊन आला. सव्वीस इंची चाकं, पुढे डिस्क ब्रेक आणि शंभर मिलिमीटर दबणारा शॉकवाला चिमटा. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या लोकांना सायकलला शॉकअप असतं हेच नवीन होतं. वॉचमन रोज एकदा हँडल दाबून बघायचा. पुढच्या वर्षी मीही एक सेकंडहँड घेतली आणि रविवारी पहाटे वेताळ टेकडी हा आमचा नेम झाला. टेकडी, मग मिसळ, मग दोघांच्याही घरून बोलणी.

सप्टेंबर २०१२ मधल्या एका रविवारी तो टेकडीवरच गेला. हृदयविकाराचा झटका. ४४ वर्षांचा होता. सायकलवरून पडून वगैरे नाही. चढ चढून वर आला, सायकल झाडाला टेकवली, "जरा बसतो रे" म्हणाला आणि बसला. बाकीचं लिहीत नाही.

त्याची सायकल मीच दुसऱ्या दिवशी खाली आणली. पाऊस पडून गेलेला, सगळीकडे मुरमाचा लाल चिखल. ती धुवावी, पुसावी असं मनात आलंही नाही. आलं असतं तरी हात धजले नसते. तशीच नेऊन त्यांच्या मागच्या बाल्कनीत उभी केली. वहिनींनी तिच्यावर एक जुनी चादर टाकली. त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचो तेव्हा ती चादर दिसायची आणि मी फराळाच्या ताटाकडे बघायचो.

तेव्हा चार वर्षांचा असलेला त्यांचा मुलगा आता सतराचा आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "काका, बाबांची सायकल चालवायची म्हणतोय. चेन आणि टायर मी बदलीन, पण तो पुढचा शॉक दबतच नाहीये. बघाल का?"

गेलो. तो पाने आणायला आत गेला तेवढ्यात वहिनी दारात येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही नीट बघा. आणि निकामी झालीय म्हणालात ना, तर तो ऐकेल तुमचं." एवढंच बोलल्या. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते माझं मलाच कळलं नाही.

चादर काढली. हँडलवर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. चिमटा ढिम्म. पुन्हा जोर लावला तेव्हा 'टक्' असा आवाज झाला, इंचभर खाली गेला आणि तिथेच अडकून बसला. वर यायचं नावच नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. हे काम आपोआपच झालं.

पण पंचवीस वर्षं इंजिनियर म्हणून नोकरी केल्यावर न उघडता 'निकामी' म्हणायची जीभ होत नाही. चिमटा सोडवला आणि घरी घेऊन आलो.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोटरसायकलला तेल भरलेला टेलिस्कोपिक चिमटा बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर १९३५ सालीच आला होता. सायकलवर तो रुळायला बराच वेळ लागला. रॉकशॉक्सचा आरएस-१ हा चिमटा १९८९ चा. कल्पना तीच. वर दोन गुळगुळीत नळ्या, खाली दोन पोकळ पाय, नळ्या पायांत सरकतात. या सायकलच्या डाव्या पायात हवेची स्प्रिंग आहे, म्हणजे दाबलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. उजव्या पायात डँपर आहे. त्यात तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, म्हणून दबलेला चिमटा उसळी न मारता सावकाश वर येतो. आणि या दोन्हींपासून वेगळं असं थोडंसं तेल पायांच्या तळाशी नुसतं पडून असतं. नळ्या सरकताना त्यांना वंगण मिळावं एवढंच त्याचं काम. किती? काही मिलिलिटर. आपण पोह्यांना फोडणीला यापेक्षा जास्त घेतो.

पायांच्या तोंडाशी धूळ अडवणारं रबरी सील असतं आणि त्याच्या खाली स्पंजची एक चकती. ही चकती तेल पिऊन बसते आणि नळीला पुसत राहते. सायकल चालत असते तोवर तळाचं तेल उसळून चकतीपर्यंत पोचतं. सायकल उभी राहिली की तेल खाली उतरतं, चकती कोरडी पडते, सीलचं रबर कडक होऊन नळीला चिकटतं. हवाही ओ-रिंगांच्या कडेने हळूहळू निघून जाते. म्हणजे न वापरलेली वस्तू आहे तशी राहते हा आपला समज चुकीचा. ती आपली आपण बिघडत असते, फक्त आवाज करत नाही.

पहिलं काम हवा सोडणं. डाव्या पायाच्या वरची टोपी काढली तर आत चिकटवलेला मास्किंग टेपचा तुकडा निघाला. त्यावर त्याच्या अक्षरात, '७५ किलो – ९५'. त्याचं वजन आणि त्याला लागणारी हवा, पीएसआयमध्ये. याला सगळं लिहून ठेवायची सवय होती. फ्रीजवर दुधाचा हिशोब, स्कूटरच्या डिकीत पेट्रोलचा. झडप दाबली. फुस्स सुद्धा झालं नाही. ९५ पैकी काहीही उरलं नव्हतं. तरी झडप दाबून बघायचीच. आत दाब असताना चिमटा उघडला तर आतला भाग उडून तोंडावर येऊ शकतो.

मग पायांच्या तळाचे दोन बोल्ट. पाच नंबरच्या एलन-कीने तीन-चार आटे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोडीने ठोकायचं म्हणजे आतला दांडा पायातून सुटतो. लोखंडी हातोडा घेतलात तर आटे मेले म्हणून समजा. खाली जुना ट्रे ठेवला. बायकोने विचारलं, "हा ढोकळ्याचा का?" मी म्हटलं, "होता."

डाव्या पायातून चमचाभर काळपट तेल आलं. उजव्यातून आलं ते दुधाच्या चहासारखं होतं. तेलात पाणी गेलं की असं होतं. ते पाणी कुठून गेलं हे मला माहीत होतं. त्या रविवारचा पाऊस, दुसऱ्या दिवशीचा चिखल आणि तसंच उभं करून ठेवणारा मी.

पाय ओढून काढले. ते सहजासहजी आले नाहीत. आधी घरातला हेअर ड्रायर सीलभोवती फिरवला, मग पिळत पिळत सुटले. सीलच्या ओठाखाली लाल मातीचं कडकडीत वाळलेलं कडं होतं. मुरूम. वेताळ टेकडीचा. ब्रश हातात घेऊन मी थोडा वेळ तसाच बसलो. ही माती त्याच्या शेवटच्या चढाची होती. जपून ठेवावी का, एखाद्या डबीत? मग वाटलं, तो असता तर म्हणाला असता, "अरे येड्या, सील खराब करतीय ती, काढ." काढली.

यापुढे निकाल लावायचा होता. चिमटा धोकादायक कधी म्हणायचा याची माझी यादी होती. नळ्यांवर खोल ओरखडे, दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या भागात किंवा त्यातून वर जाणाऱ्या दांड्याला तडा, पायांच्या धातूला खोलवर गंज, आणि सरकताना बुशमध्ये खडखड. यातला तडा सर्वांत वाईट. बाकी गोष्टींनी सायकल नीट चालत नाही, तड्याने उतारावर दात पडतात किंवा त्याहून वाईट होतं.

पाय मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. ॲल्युमिनियमपेक्षाही हलका, घनता १.७४ विरुद्ध २.७, म्हणून वापरतात. पण तितकाच हळवा. स्टीलच्या बोल्टशेजारी ओलावा साचला की स्टील शाबूत राहतं आणि मॅग्नेशियम झिजतं. उजव्या बोल्टच्या बैठकीभोवती पांढरी भुकटी साचली होती. पोटात गोळा आला. भुकटी घासून काढली, आत टॉर्च मारला, टाचणीने टोकरून बघितलं. खड्डे होते, पण वरवरचे. बैठक सपाट होती.

नळ्यांवरून नख फिरवलं. डाव्या नळीवर एक ओरखडा लागला. तो मी ओळखला. २०१० मध्ये खाणीच्या बाजूला आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो होतो, माझ्या पेडलने झालेला. जिथे सील सरकतं त्या पट्ट्याच्या तो वर होता, त्यामुळे चालेल. तरी दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची धार मोडली आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडला. वाळल्यावर पुन्हा घासून सपाट केला. (नेलपॉलिश कुणाचं हे लिहायला नको. ढोकळ्याच्या ट्रेचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.)

तड्यासाठी सगळं स्पिरिटने पुसून उन्हात नेलं आणि भिंग लावून बघितलं. वरच्या जोडावर एक काळी रेघ होती. केसाएवढी. पुसली, गेली नाही. पुन्हा पुसली.

आता मनातलं लिहितो. ती रेघ तडा असावी असं मला वाटत होतं. तसं असतं तर वहिनींना जे हवं होतं ते मला खरं बोलून देता आलं असतं. पोरगा टेकडीवर गेला नसता, त्यांची रविवारची झोप उडाली नसती, आणि कदाचित माझीही. मला त्या चढावर पुन्हा जायचं नव्हतं हे खरं कारण. तेरा वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. माझी सायकलही माळ्यावरच आहे.

नखाने खरवडल्यावर रेघ सुटली. वाळलेलं ग्रीस होतं.

त्यानंतरचं काम म्हणजे नुसती हमाली आणि आनंद. दुसऱ्या रविवारी नाना पेठेत गेलो. पाच वजनाचं फोर्क ऑइल मागितल्यावर पहिल्या दोन दुकानदारांनी मोटरसायकलचं जाड तेल पुढे केलं, तिसऱ्याकडे हवं ते मिळालं. हवेच्या पिस्टनची ओ-रिंग चपटी झाली होती. ती एका ऑइल सीलवाल्याकडे नेली, त्याने डोळ्यांनीच माप घेतलं आणि शंभर डब्यांतल्या बरोबर एका डब्यात हात घातला. अशा माणसांसाठी पुण्यात राहावं. बत्तीस मिलिमीटर नळीची धुळीची सीलं आणि स्पंजच्या चकत्या मात्र ऑनलाइन मागवाव्या लागल्या. सव्वीस इंची चाकाचे चांगले चिमटे आता सहजी मिळत नाहीत, नव्या सायकलींचा वरचा दांडाही खाली रुंद होत जाणारा असतो. म्हणजे हा गेला असता तर बदली शोधताना दमछाक झाली असती. पण बत्तीसची सीलं अजून मिळतात. एवढं एक माप टिकलं म्हणून सायकल टिकली.

जुनी सीलं उपसताना स्क्रूड्रायव्हरचं टोक पायाच्या कडेला लावायचं नाही, मॅग्नेशियमला खळी पडते. मी मधे जाड कापड ठेवून मोठ्या पान्याच्या सपाट तोंडाने उचकटली. नव्या चकत्या तेलात बुडवून बसवल्या. डँपरमधलं तेल बदललं, पातळी पट्टीने मोजली, कारण तिथे थोडं कमी-जास्त झालं तरी चिमट्याचा स्वभाव बदलतो. तळाशी पुस्तिकेतल्या मापाचं तेल इंजेक्शनच्या सिरिंजने सोडलं. बोल्टखालच्या वायसर नव्या टाकल्या, बोल्ट टॉर्क पान्याने सुमारे सात न्यूटन-मीटरवर आवळले. 'हातानेच घट्ट' हा आपला भारतीय टॉर्क इथे चालत नाही.

हवा भरून रात्रभर ठेवला. सकाळी दाब तसाच होता. दाबला तर लोण्यासारखा खाली गेला आणि सावकाश वर आला. आवाज फक्त तेलाचा, हलकासा सुळ्ळ. असा आवाज तेरा वर्षांनी ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करायला हरकत नाही. इथे सगळे घरचेच आहेत.

तिसऱ्या रविवारी चिमटा घेऊन गेलो. पोरगा खाली पार्किंगमध्ये होता. आधी वर वहिनींकडे गेलो. म्हटलं, "वहिनी, चिमटा ठीक आहे. नाही म्हणायला काही सापडलं नाही. मी शोधलं."

त्या काही बोलल्या नाहीत. ओट्याकडे वळून चहा टाकला. मला वाटलं, आपण हे काय केलं. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, तीही तेरा वर्षांत पहिल्यांदा. चहाला उकळी आल्यावर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हेल्मेट कुठलं चांगलं असतं?"

खाली येऊन चिमटा चढवला. पोराने टोपी उघडली, टेप बघितला. "काका, हे पंच्याण्णव म्हणजे?" सांगितलं. तो लगेच पंप जोडून ९५ भरायला लागला. मीही थांबवलं नाही. भरल्यावर त्याला बसवलं. शंभर मिलिमीटरच्या चिमट्यावर माणूस नुसता बसला तर वीस-पंचवीस मिलिमीटर दबला पाहिजे, याला सॅग म्हणतात. नळीवर रबरबँड अडकवून मोजायचं. तो बसला तर जेमतेम दहा दबला. पोरगा ५४ किलोचा. त्याच्या बाबांची हवा त्याला फार कडक होती, खड्ड्यात हातच दुखले असते.

"थोडी सोड," म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "बाबांनी ९५ लिहिलंय ना?"

"बाबांनी ७५ किलोसाठी लिहिलंय."

थोडी थोडी हवा सोडत, उतरत, पुन्हा बसत ६८ वर बरोबर बसलं. मग तो पळत वर गेला आणि टेपचा तुकडा घेऊन आला. जुन्या टेपला हात न लावता त्याच्या खाली नवा चिकटवला, '५४ किलो – ६८'. अक्षर बापासारखंच गिचमिड आहे.

तर मंडळी, तुमच्याही बाल्कनीत, माळ्यावर, जिन्याखाली अशी सायकल असेल तर एवढं करा. ठेवण्याआधी धुवून, पूर्ण वाळवून ठेवा. अधूनमधून हँडल दाबून चिमटा दहा-बारा वेळा खालीवर करा. खूप दिवसांनी बाहेर काढलीत तर आदल्या रात्री उलटी करून ठेवा म्हणजे तळाचं तेल चकत्यांपर्यंत पोचेल (हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सरळ केल्यावर ते आधी दाबून बघा). सीलवर रॉकेल किंवा गंज सोडवणारा फवारा मारू नका, उरलंसुरलं वंगणही धुवून जातं. वर्ष-दोन वर्षं उलटली असतील तर पाय उघडून तेल आणि चकत्या बदलाच. वापरात असताना सुद्धा बऱ्याच पुस्तिका दर पन्नास तासांनी हे करायला सांगतात. आणि तडा दिसला तर मायेपोटी चालवू नका. तो चिमटा भंगारात द्या, कुणाचाही असला तरी.

काल पहाटे आम्ही टेकडीवर गेलो. मी पायी, तो सायकलवर. ते झाड आहे अजून. मी दाखवलं नाही, त्याने विचारलं नाही, पण तिथे पोचल्यावर तो आपणहून थांबला आणि पाणी प्याला. उतरताना माझ्यासाठी तीनदा थांबावं लागलं त्याला. खाली आल्यावर म्हणाला, "काका, तुमची पण काढा ना माळ्यावरून."

घरी येऊन बायकोला ढोकळ्याचा नवा ट्रे आणून दिलाय. जुना अजून लागणार आहे.